बोलणं सोपं, चालणं अवघड

'झपाटलेला' हा बोलक्या बाहुल्याचा सिनेमा पाहून उठलेलं मूल एक प्रश्न हमखास विचारतं : "तात्या विंचूच्या आत कोण बसलं होतं?" आत कुणीच नव्हतं असं सांगितलं, की लगेच दुसरा : "मग तो बोलला कसा?" आणि मूल जरा चौकस असेल तर तिसरा : "आणि चालला कसा?" मोठी माणसं पहिल्या प्रश्नावर हसतात, दुसऱ्यावर "ती सगळी ट्रिक असते" म्हणतात आणि तिसऱ्याला जेवायला बसवतात. खरं तर तिन्ही प्रश्न अव्वल आहेत. मुंबईच्या रंगमंचावरचा बोलका बाहुला अर्धवटराव, कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या लाकडी बाहुल्या आणि साठ वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये दूरदर्शनसाठी झालेली एक साहसमालिका, या सगळ्यांच्या पडद्यामागे याच प्रश्नांशी झुंज चालली होती.

माझं म्हणणं आधीच सांगतो. बाहुली काय करू शकते यावर तिची गोष्ट उभी राहत नाही. तिला काय जमत नाही हे ओळखून गोष्ट त्याच्याभोवती रचावी लागते, आणि मोठे बाहुलीकार यातच मोठे ठरले.

१. ओठ न हलवता

आरशासमोर उभे राहा. ओठ जरासे विलग, दात हलके जुळलेले, जीभ मोकळी. आता म्हणा : "आजी, इकडे ये, चटणी दे." जमलं. आता म्हणा : "बाबा, पापड भाजा, मामा आले." पहिल्याच शब्दाला ओठ मिटले.

शाळेत पाठ केलेल्या मुळाक्षरांतला पवर्ग इथे आडवा येतो. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ एकमेकांना लागल्याशिवाय निघत नाहीत. बाकीची बहुतेक कामं जीभ आणि घसा तोंडाच्या आतल्या आत उरकतात. आपल्या महाड–पोलादपूर भागातली गावंच घ्या. 'नाते' आणि 'रायगड' ओठ न मिटता म्हणता येतात. 'महाड', 'बिरवाडी', 'पाचाड' अडतात, आणि 'पोलादपूर' तर दोनदा अडतं.

मग ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणारा शब्दभ्रमकार काय करतो? जे काम ओठांचं, ते तो जिभेकडे सोपवतो. 'ब' म्हणताना श्वास क्षणभर अडतो आणि मग सुटतो. 'द' म्हणतानाही तेच होतं, फक्त अडवण्याची जागा ओठांऐवजी दातांमागे असते. 'म' आणि 'न' या दोघांचा आवाज नाकातून येतो, फरक पुन्हा जागेचाच. म्हणून 'प'च्या जागी 'त', 'ब'च्या जागी 'द' आणि 'म'च्या जागी 'न' अशी अदलाबदल करायची, आणि जीभ अशी दाबायची की आवाज मूळ अक्षराच्या जितका जवळ जाईल तितका जावा. "पोलादपूरची गाडी आली" याचं खरं उच्चारण "तोलादतूरची गाडी आली" असं काहीसं होतं. सुटा शब्द ऐकला तर चोरी पकडली जाते. वाक्य भरभर आलं, गाडीचा विषय आधीच चाललेला असला, तर ऐकणारा आपल्या मनाने 'पोलादपूर' जुळवून घेतो. 'व' त्या मानाने सोपा, कारण त्याला ओठ पुरता मिटावा लागत नाही. 'अर्धवटराव' आणि 'तात्या विंचू' ही दोन्ही नावं उच्चारून पाहा. त्यांत पवर्गातलं एकही अक्षर नाही.

अर्धवटरावाचा जन्म १९१६चा. शब्दभ्रमकार यशवंत पाध्ये यांनी त्याला उभं केलं. पुढे त्याला आवडाबाई नावाची बायको मिळाली, आणि २०१६ साली तो शंभर वर्षांचा झाला तेव्हाही तो रंगमंचावरच होता. यशवंतरावांचे चिरंजीव रामदास पाध्ये शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. १९६७पासून ते शब्दभ्रमाचे कार्यक्रम करत आले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्या काळात पाध्यांच्या बाहुल्या घराघरांत पोहोचल्या. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो खिदळणारा ससाही त्यांचाच. आज त्यांच्या पत्नी अपर्णा आणि मुलगा सत्यजित यांच्यामुळे ही कला घरातच पुढे चालली आहे.

अशा बोलक्या बाहुल्याची रचना समजायला सोपी आहे. पाठीला भोक असतं, त्यातून हात आत जातो. डोकं एका दांड्यावर बसवलेलं असतं आणि दांड्याला खटके असतात. एकाने खालचा जबडा हलतो, दुसऱ्याने डोळे फिरतात. दांडा वळवला की मान वळते. मात्र पायांकडे एकही खटका जात नाही. ते नुसते लोंबतात.

म्हणून अर्धवटराव बसलेला असतो. तो चालत नाही आणि कुणी त्याला चालायला सांगतही नाही, कारण त्याचं सगळं बळ जिभेत आहे. मालकाला जे विचारायची छाती होत नाही ते तो विचारतो, आणि भर सभेत मालकालाच उलट उत्तर देतो. बसून राहणाऱ्या बाहुल्याला शोभेल असा हाच स्वभाव आहे.

२. कान डोळ्यांचं ऐकतात

पण आवाज पाध्यांच्या तोंडून येतो आणि आपल्याला तो अर्धवटरावाच्या तोंडून आल्यासारखा का वाटतो? आवाज 'फेकला' जातो असं लोक म्हणतात. आवाज फेकता येत नाही. तो निघतो तिथूनच निघतो. फसतो तो ऐकणाऱ्याचा मेंदू, आणि फसायला त्याच्याकडे चांगलं कारण असतं.

आवाज कुठून आला हे ठरवताना मेंदू दोन्ही कानांतला फरक मोजतो. आवाज एका कानात किती आधी पोहोचला आणि किती जोरात पोहोचला, हा तो फरक. हा अंदाज ढोबळ असतो. डोळ्यांचा अंदाज कितीतरी नेमका. दोघांत मतभेद झाला की मेंदू डोळ्यांची बाजू घेतो. ज्याचं तोंड हलतंय, बोलणारा तोच. गणपतीत कापडी पडद्यावर सिनेमा पाहिला असेल तर हा अनुभव तुम्हाला आहे. कर्णा मंडपाच्या कोपऱ्यात असतो, तरी दोन मिनिटांत संवाद नटाच्या तोंडून येऊ लागतात.

डोळे याहून पुढे जातात, ते अक्षरंसुद्धा बदलतात. १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरच्या माणसाचे ओठ 'गा' म्हणत होते आणि त्यावर आवाज 'बा'चा जोडला होता. पाहणाऱ्या बहुतेकांना तिसरंच ऐकू आलं : 'दा'. डोळे मिटले की पुन्हा 'बा'. शब्दभ्रमकाराची 'ब'–'द' अदलाबदल का खपते याचं उत्तर इथे आहे. बाहुल्याचा जबडा मिटून उघडताना दिसला, की आपले कान 'द'ला 'ब' मानायला तयार होतात.

म्हणून शब्दभ्रमकाराचं निम्मं काम अभिनयाचं असतं. बाहुला बोलत असताना त्याने ऐकणाऱ्याचा चेहरा करायचा. कपाळाला आठी, थोडी लाज, थोडा राग. तो बाहुल्याकडे पाहतो म्हणून आपणही तिकडे पाहतो.

३. पिंगुळीची दोरी

कोकणातच, पण खाली सिंधुदुर्गात, कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाने सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने चित्रकथी, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि दोरीवरच्या लाकडी कळसूत्री बाहुल्या सांभाळल्या. परशुराम गंगावणे यांनी आयुष्यभर या कलांची जपणूक केली, २०२१च्या पद्मश्री सन्मानांत त्यांचं नाव आलं. पिंगुळीत त्यांनी उभं केलेलं संग्रहालय एकदा तरी पाहून यावं.

या लाकडी बाहुल्यांचे ओठ हलत नाहीत, आणि तरी रामायणातलं कोण बोलतंय हे प्रेक्षकाला नेमकं कळतं. दोरीच्या बाहुल्यांचा सगळीकडे चालणारा एक नियम इथे कामी येतो : जो बोलतो त्याने हलायचं, जो ऐकतो त्याने स्थिर राहायचं. हात उचलला, मान झुकली, की तो संवाद त्या बाहुलीचा झाला. ओठ नसल्याची उणीव नुसत्या हालचालीने भरून निघते. प्रेक्षक थोडा लांब बसलेला असतो, उजेड मंद असतो, म्हणून हे पुरतं.

कॅमेरा आला आणि हे पुरेनासं झालं. कॅमेरा बाहुलीच्या नाकापाशी जाऊन उभा राहतो.

४. डोक्यातली बेल

इंग्लंडमध्ये स्लाउ नावाच्या औद्योगिक गावातल्या एका वसाहतीत गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन या जोडप्याची कंपनी दूरदर्शनसाठी बाहुल्यांच्या मालिका बनवत असे. त्यांतली सगळ्यांत गाजलेली 'थंडरबर्ड्स'. तिचा पहिला भाग ३० सप्टेंबर १९६५ला प्रसारित झाला. एकूण भाग ३२. एक निवृत्त अंतराळवीर आणि त्याचे पाच मुलगे एका बेटावर राहतात, आणि जगात कुठेही माणसं अडकली की आपली अजस्र यंत्रं घेऊन गुपचूप सोडवायला जातात, एवढंच तिचं सूत्र.

बाहुल्या साधारण ५६ सेंटीमीटर उंचीच्या, म्हणजे माणसाच्या एक तृतीयांश. वर उंच मचाणावर उभी राहून माणसं त्यांना टंगस्टनच्या अगदी बारीक तारांनी हलवत. तारा कॅमेऱ्यात चमकू नयेत म्हणून त्यांना रंग लावत. ओठांचा प्रश्न मात्र त्यांनी विजेने सोडवला.

घराच्या दाराला टिंग-टाँग बेल असेल तर तिच्या पोटात तारेचं वेटोळं असतं आणि वेटोळ्यात लोखंडी दांडा. बटण दाबलं की वेटोळ्यात वीज खेळते, त्याचं चुंबक होतं, दांडा ओढला जातो आणि पट्टीवर आपटतो. बटण सोडलं की दांडा परत. या वेटोळ्याला सोलेनॉइड म्हणतात. अँडरसन यांच्या बाहुल्यांच्या डोक्यात असंच छोटं सोलेनॉइड बसवलेलं होतं आणि त्याचा दांडा खालच्या ओठाला जोडलेला होता. नटांचे संवाद आधीच फितीवर घेतलेले असत. चित्रीकरणाच्या वेळी फीत लावली, की आवाजाच्या चढउतारांचे विजेचे ठोके होत, ते त्याच तारांतून खाली डोक्यात उतरत आणि ओठ शब्दागणिक उघडमीट करत. बाहुली लटकवणारी तारच तिला बोलतंही करत होती. या तंत्राला त्यांनी 'सुपरमॅरिओनेशन' असं भारदस्त नाव दिलं.

याची किंमत चेहऱ्याने मोजली. सोलेनॉइड मावावं म्हणून डोकं धडाच्या मानाने मोठं करावं लागलं. चेहऱ्याला भाव बदलता येईनात, म्हणून एकाच पात्राची वेगवेगळी डोकी बनवली, एक हसरं, एक आठ्या पडलेलं, एक पापण्या मिटणारं. प्रसंग बदलला की डोकं बदलायचं. पुढे १९६७च्या 'कॅप्टन स्कार्लेट' मालिकेत सोलेनॉइड छातीत हलवलं आणि डोकी माणसाच्या प्रमाणात आली. बाहुल्या देखण्या झाल्या. मला मात्र त्या पूर्वीपेक्षा निर्जीव वाटतात. मोठं डोकं, मोठे डोळे आणि ठळक नाक यांत जो स्वभाव दिसत होता, तो प्रमाणबद्धतेत हरवला.

५. चौदा दिवस

'थंडरबर्ड्स'ची कल्पना आली ती एका खऱ्या दुर्घटनेतून. २४ ऑक्टोबर १९६३ रोजी पश्चिम जर्मनीतल्या लेंगेडे इथे लोखंडाच्या खाणीत वरच्या तलावाचं पाणी घुसलं. खाली १२९ माणसं होती. २९ दगावली. शोध जवळजवळ संपल्यावर जिवंत माणसांची चाहूल लागली, वरून भोक पाडण्यात आलं आणि ७ नोव्हेंबरला, चौदा दिवसांनी, ११ जण त्या भोकातून जिवंत वर आले. अवजड यंत्रं लांबून आणेपर्यंत गेलेला वेळ गेरी अँडरसन यांच्या मनात घर करून राहिला. अशी यंत्रं कुठेतरी सदैव सज्ज असती आणि तासाभरात जगात कुठेही पोहोचू शकली असती तर?

महाड–पोलादपूरच्या वाचकाला हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा काठांवर माणसं अशीच वाट पाहत उभी होती. २२ जुलै २०२१ला तळिये गावावर दरड आली आणि पुराने रस्ते अडवल्यामुळे बचावपथकं पोहोचायला वेळ लागला. बाहुल्यांच्या मालिकेतली ती यंत्रं धावत असताना आपल्या घशात जे दाटून येतं ते पोरखेळाचं नसतं.

मालिकेचं नावही एका दुःखातून आलं. गेरी यांचा थोरला भाऊ लायनेल दुसऱ्या महायुद्धात वैमानिकाचं शिक्षण घ्यायला अमेरिकेत गेला होता. तिथून लिहिलेल्या पत्रात त्याने जवळच्या 'थंडरबर्ड' या विमानतळाचा उल्लेख केला होता. लायनेल युद्धातून परतला नाही. तो शब्द धाकट्या भावाने वीस वर्षं जपून ठेवला. पाच मुलांची नावं मात्र आकाशातून घेतली आहेत. स्कॉट, व्हर्जिल, अॅलन, गॉर्डन आणि जॉन ही अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी पाच जणांची नावं : कार्पेंटर, ग्रिसम, शेपर्ड, कूपर आणि ग्लेन यांची.

लेडी पेनेलोपी या खानदानी हेर बाईला स्वतः सिल्व्हिया यांनी आवाज दिला. तिचा शोफर पार्कर हा सुधारलेला तिजोरीफोड्या. पार्कर, तोतरा शास्त्रज्ञ ब्रेन्स आणि पाचांपैकी गॉर्डन हे तिघेही एकाच नटाच्या, डेव्हिड ग्रॅहमच्या गळ्यातून बोलत. आपल्याकडे अर्धवटराव आणि आवडाबाईचं भांडण एकच माणूस रंगवतो, त्याच जातीचं हे काम.

पहिला भाग पंचवीस मिनिटांचा तयार झाला. निर्मितीचा पैसा पुरवणारे लू ग्रेड यांनी तो पाहिला आणि हा विषय तासाभराच्या खेळाचा आहे असं ठरवून टाकलं. झालेले भागही वाढवायला लागले. काय घालायचं? यंत्रं बाहेर पडण्याची तयारी लांबवली, किरकोळ पात्रांना घरदार दिलं. प्रेक्षक पुढे याच वाढीव प्रसंगांच्या प्रेमात पडले. १९६६ अखेर मालिका थांबली ती अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी ती घेतली नाही म्हणून.

६. पायांचं दुखणं

आता तिसरा प्रश्न. ओठांना वीज मिळाली, पायांना का नाही?

दोरीला बांधून विहिरीत सोडलेली कळशी आठवा. ती तळाला टेकली तरी दोरी ताणलेली असेपर्यंत तिचं वजन दोरीवरच असतं, ती तळावर उभी राहत नाही, नुसती लागते आणि हेलकावे खाते. तारेवरची बाहुली अशीच जमिनीला नुसती लागलेली असते. चालणं म्हणजे आपलं वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकणं. जिचं वजन वरूनच पेललेलं आहे ती वजन टाकणार कशी? म्हणून ती तरंगते.

दुसरं कारण लांबीचं. लोंबता पाय लंबकाच्या चालीने हलतो, आणि लंबक जितका आखूड तितका झोका झटपट. लांबी एक तृतीयांश झाली की झोक्याला लागणारा वेळ एक तृतीयांश होत नाही, तो तिनाच्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण १.७ पटीने कमी होतो. बाहुलीचा पाय माणसाच्या पायापेक्षा तितका लगबगीने हलतो आणि चालीतला डौल जातो.

यंत्रांच्या आणि इमारतींच्या प्रतिकृतींनाही हीच अडचण होती. वीस मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीवर यायला सुमारे दोन सेकंद लागतात, तर वीस सेंटीमीटरवरून पडायला ०.२ सेकंद. म्हणजे शंभरपट लहान मनोरा दहापट लवकर कोसळतो आणि बघताक्षणी खेळणं वाटतो. उपाय असा की कॅमेरा दहापट वेगाने चालवायचा आणि फिल्म नेहमीच्या गतीने दाखवायची. 'थंडरबर्ड्स'चे विशेष दृश्यांचे प्रमुख डेरेक मेडिंग्ज यांनी चित्रण असं संथ करण्यात हातखंडा मिळवला, पुढे ते जेम्स बाँडच्या चित्रपटांत गेले आणि 'सुपरमॅन'च्या विशेष दृश्यांसाठी ऑस्करचे मानकरी झाले. पण बोलणाऱ्या बाहुलीला हा उपाय लागू पडत नाही. तिचे ओठ फितीच्या गतीला बांधलेले.

मग अँडरसन मंडळींनी चालणंच टाळलं, आणि इथे त्यांची प्रतिभा दिसते. आधीच्या 'सुपरकार' मालिकेत त्यांनी नायकाला गाडीत बसवलं, 'स्टिंगरे'त पाणबुडीत. 'थंडरबर्ड्स'मध्ये स्कॉट भिंतीवरचे दोन दिवे धरून उभा राहतो आणि भिंतच त्याला घेऊन फिरते. व्हर्जिल रॉकेटच्या चित्राला पाठ टेकतो, चित्र उलटं कलतं आणि तो घसरत थेट विमानात. अॅलन सोफ्यावर बसतो, सोफाच जमिनीखाली उतरतो. ही दृश्यं त्या मालिकेची शान मानली जातात. त्यांच्या मुळाशी लुळे पाय आहेत. बटण दाबायचं असलं तर पडद्यावर येतो खऱ्या माणसाचा हात. चौकट इतकी जवळ आणायची की पलीकडचा मनगटापाशी तुटलेला संबंध कुणाला दिसू नये.

७. चौकटीच्या कडेला

चौकट हे कॅमेऱ्याने बाहुलीकाराला दिलेलं सगळ्यांत मोठं दान. रंगमंचावर रामदास पाध्ये दिसतात, म्हणून अर्धवटराव विनोदी आहे. दोघांची जोडी आपल्यासमोर असते. हाच बाहुला चौकटीत एकटा ठेवा, चालवणारा कडेच्या बाहेर जाऊ द्या, आणि पाहा, हसू थांबतं. तो आपोआप हलतो आहे.

१९९३ साली महेश कोठारे यांनी 'झपाटलेला'मध्ये हेच केलं. गुंड तात्या विंचू पोलिसांच्या गोळीने मरायला टेकतो आणि मंत्राच्या बळावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला येतो बोलक्या बाहुल्यांचा नाद असलेल्या लक्ष्याच्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या घरी. बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी, तात्या विंचू झाले दिलीप प्रभावळकर. १९८८च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटाची सावली या कथेवर आहे, पण त्यात एक अस्सल मराठी सोय आहे. मुळातला नायक खेळण्याला बिलगणारा लहान मुलगा, इथे तो शब्दभ्रम करणारा मोठा माणूस आहे. त्यामुळे बाहुला बोलला तरी गाव म्हणतं, लक्ष्याच बोलतोय! सत्तर-पंच्याहत्तर वर्षं पाध्ये घराण्याने महाराष्ट्राला शिकवलं होतं की बाहुल्यामागे माणूस असतो. त्याच खात्रीचा इथे लक्ष्याभोवती फास होतो. अर्धवटराव ठाऊक असलेल्या प्रेक्षकासाठीच ही कथा पुरी उमलते.

पायांचं दुखणं अमेरिकेतही सुटलं नव्हतं. तिथल्या चकी या बाहुल्याच्या चेहऱ्यात यंत्रं होती आणि ती अनेकजण मिळून दुरून चालवत. चालण्या-धावण्याच्या काही दृश्यांत मात्र एड गेल हा अगदी बुटका नट बाहुल्याचा पोशाख घालून वावरला, आणि तो बाहुल्याएवढा दिसावा म्हणून भोवतालचं घर-सामान मोठं बनवावं लागलं.

'झपाटलेला' पुन्हा लागला, की एकदा आवाज बंद करून पाहा. बाहुला कोणत्या दृश्यात कमरेपर्यंत दिसतो, कोणत्या दृश्यात पूर्ण, आणि पूर्ण दिसतो तेव्हा पाय जमिनीवर टेकून किती पावलं टाकतो ते वहीत मांडा. शेजारी एखादं मूल बसलेलं असेल तर मोजायचं काम त्याच्याकडे द्या.